फास्ट इथं थांबत नाही

सिनेमात एक लहानसं स्टेशन असतं. पिंपळाचा पार, दगडी बाक, हातात हिरवा बावटा घेतलेला स्टेशनमास्तर, दिवसाकाठी एक गाडी आणि त्या गाडीतून उतरणारा एकटा हिरो. हे पाहिलं की मुंबईकर हळवा होतो. 'अशा ठिकाणी निवांत जाऊन राहिलं पाहिजे यार,' असं तो मोबाइलवर तोच सिनेमा बघत, डोंबिवली फास्टमध्ये दीड पायावर उभा राहून शेजारच्याला सांगतो. नेमकी त्याच वेळी त्याची गाडी एका लहानशा स्टेशनातून धडधडत निघालेली असते. फलाटावरची चार माणसं दोन पावलं मागे सरकतात, कुणाच्या तरी हातातला पेपर फडफडतो आणि गाडी गेल्यावर पुन्हा सगळं होतं तसं होतं. त्या स्टेशनाचं नाव चिंचपोकळी. आपला हळवा मुंबईकर तिथून रोज दोनदा जातो. त्यानं ते अजून पाहिलेलं नाही.

गावचं स्टेशन कशाला म्हणायचं, याची माझी व्याख्या सोपी आहे. जिथं महत्त्वाच्या गाड्या थांबत नाहीत, ते गावचं स्टेशन. मग पिंपळ असो वा नसो. या व्याख्येत भायखळा बसत नाही, दादर तर नाहीच नाही. पण त्या दोघांच्या मधे सापडलेली चिंचपोकळी आणि करी रोड ही दोन स्टेशनं अगदी चपखल बसतात. (परळही पूर्वी याच भावकीतलं. त्याला मधे बढती मिळाली, त्याबद्दल पुढे.) फास्ट लोकल सीएसएमटीहून निघाली की भायखळ्याला टेकते आणि एकदम दादरला जाऊन दम खाते. मधल्या गावांनी स्लोची वाट बघायची. यावर रेल्वे प्रवाशांची मंडळी अधूनमधून निवेदनं देतात, पण माझं मत उलटं आहे. फास्ट थांबत नाही म्हणूनच ही दोन अजून स्टेशनं राहिली आहेत. फास्ट थांबली की काय होतं, ते दादरला जाऊन बघा.

दादर हे स्टेशन नाही, ते एक प्रकरण आहे. पश्चिम रेल्वेचे फलाट वेगळे, मध्य रेल्वेचे वेगळे आणि कित्येक वर्षं दोन्हीकडे मोजणी एकपासून. 'मी एक नंबरवर उभी आहे,' आणि 'अगं, मीपण एक नंबरवरच उभा आहे,' असं दोघंही शंभर टक्के खरं बोलत असताना ठरलेली लग्नं मोडायची वेळ दादरनं आणली आहे. अखेर ९ डिसेंबर २०२३ पासून रेल्वेनं सगळे फलाट ओळीनं मोजले, १ ते १४. पश्चिमवाल्यांचे आकडे तसेच राहिले, मध्यवाल्यांचे बदलले. मध्य रेल्वेवाल्यांना अशा वाटपाची सवय असते, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. पण दादरचा गोंधळ इतक्यानं मिटला तर ते दादर कसलं? 'दहा नंबर म्हणजे जुना कितवा?' असं विचारणारी माणसं तिथं अजून पुलाच्या मधोमध उभी असतात आणि मागची गर्दी त्यांना नवा-जुना न विचारता खाली पोचवते. करी रोडला ही भानगड नाही. 'करी रोडला भेटू' म्हटलं की माणूस भेटतो. नाही भेटला तर तो आलाच नाही असं समजावं.

चिंचपोकळीहून करी रोड जेमतेम किलोमीटरभर. गाडीतली बाई 'पुढील स्टेशन करी रोड' हे मराठीत सांगायला घेते, हिंदीतून पुढे सरकते आणि इंग्रजीला येईपर्यंत तुम्ही उतरलेले असता. एवढ्या अंतरासाठी दोन स्टेशनं कशाला, असा प्रश्न ठाण्या-कल्याणच्या माणसाला पडतो. त्याला दोन गावं लागून असू शकतात ही कल्पनाच नसते. चिंचपोकळीचा माणूस करी रोडला 'तिकडे' म्हणतो. करी रोडचा माणूस चिंचपोकळीला उतरायचंच असेल तर आधी कारण शोधतो. बाहेरचा माणूस चिंचपोकळीला सहसा तीन कामांसाठी उतरतो: कस्तुरबा रुग्णालय, आर्थर रोडचा तुरुंग आणि चिंतामणी गणपती. पहिल्या दोन ठिकाणांहून सुटलेला तिसऱ्या ठिकाणी जातोच.

या स्टेशनांचं गावपण बघायचं असेल तर मेगाब्लॉकच्या, म्हणजे रूळदुरुस्तीच्या, रविवारी बघावं. शनिवारच्या पेपरात चौकट येते. सीएसएमटी ते विद्याविहार धिम्या मार्गावर ब्लॉक. धिम्या गाड्या जलद मार्गावरून धावतील. त्या भायखळा, परळ, दादर, माटुंगा, शीव आणि कुर्ला इथं थांबतील. यात मशीद, सँडहर्स्ट रोड, चिंचपोकळी आणि करी रोड यांचा उल्लेख नसतो. थांबणार नाही असंही लिहिलेलं नसतं. वाचणाऱ्यानं यादीत आपलं गाव शोधायचं, नाही सापडलं की समजून घ्यायचं. त्या दिवशी भर मुंबईत, भर दुपारी, ही दोन स्टेशनं बिनगाडीची असतात. स्लो गाड्यासुद्धा फास्टचा रुबाब करत पलीकडच्या रुळांवरून निघून जातात. रोजची ओळखीची गाडी, त्यात ओळखीचे चेहरे आणि ती आपल्यासमोरून न थांबता जाते. गरिबाघरचा नातेवाईक चार दिवसांसाठी मोठ्या साहेबाच्या गाडीत बसला की हाक मारली तरी बघत नाही, तसं ते असतं.

आता इतिहासाकडे वळतो. इतिहास म्हटलं की १६ एप्रिल १८५३ येणारच. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली: १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं आणि २१ तोफांची सलामी. वेळ दुपारी ३ वाजून ३५ मिनिटं. शाळेत हे सगळं पाठ करून घेतात, पण त्यातली खरी मौज सांगत नाहीत. मुंबईचे गव्हर्नरसाहेब लॉर्ड फॉकलंड आदल्याच संध्याकाळी लवाजम्यासह थंड हवेच्या डोंगरावर निघून गेले होते. आशियातली पहिली प्रवासी गाडी सुटतेय म्हणून मुंबई रस्त्यावर लोटली आणि ज्यांच्या नावानं कारभार चालतो ते एप्रिलचं ऊन सोसवत नाही म्हणून गावाला. म्हणजे 'मे महिन्यात मुंबईत कोण राहतं?' हा आमच्या लालबागकरांचा सवाल थेट गव्हर्नरपासून चालत आलेला आहे, फरक एवढाच की आम्ही महाबळेश्वरऐवजी मालवणला जातो.

त्या पहिल्या गाडीच्या वाटेवर भायखळा होतंच. त्यामुळे भायखळा या भावकीतलं थोरलं घर. तिथली सध्याची दगडी इमारत १८५७ सालची. इकडे देशात उठाव चालला होता आणि तिकडे भायखळ्याला फलाटाचं छप्पर चढत होतं. अलीकडे या इमारतीची अगदी मन लावून डागडुजी झाली. वर्षानुवर्षं चढलेले रंगाचे थर खरवडले, मूळचा दगड आणि लाकूड उघडं केलं, कमानी मोकळ्या केल्या. २०२२ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कारांत भायखळा स्टेशनाचं नाव आलं. भायखळ्याच्या नेहमीच्या प्रवाशानं या बातमीचं काय केलं? त्यानं मान वर करून बघितलं. कमानींकडे नव्हे, इंडिकेटरकडे. कल्याण फास्ट दोन मिनिटांवर होती. जगातल्या वारसाप्रेमींनी त्या छपराखाली उभं राहून नवल करावं आणि रोज तिथं उभ्या राहणाऱ्यानं ते फक्त पावसात आठवावं, हीच त्या छपराला मिळालेली खरी पावती. दीडशेहून अधिक वर्षं ते आपलं काम करतंय.

चिंचपोकळी-करी रोडला असलं वैभव नाही. या स्टेशनांना महत्त्व आलं ते आजूबाजूला उभ्या राहिलेल्या गिरण्यांमुळे. कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडाची पहिली गिरणी काढली, ती १८५६ साली सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत लालबाग-परळच्या आभाळात चिमण्याच चिमण्या झाल्या. १८७९ मध्ये जीआयपी (आजच्या मध्य) रेल्वेनं आपला इंजिनांचा कारखानाही परळला आणला. आता गंमत बघा. गिरण्यांच्या मधोमध स्टेशनं, पण गिरणी कामगाराला स्टेशनाची गरज फारशी नव्हतीच. तो गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात राहायचा. भोंगा झाला की खोलीतून निघायचं, जिना उतरायचा, गल्ली ओलांडायची आणि गेटात शिरायचं. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी माणसं, त्यांची पाळी भोंगा ठरवायचा आणि झोपही भोंगाच ठरवायचा. लोकल पकडून कामाला जाणं ही कारकुनाची चैन होती. आमच्या चाळीतली जुनी माणसं अजूनही 'तो लोकलनं कामाला जातो' हे वाक्य जरा संशयानं उच्चारतात. म्हणजे इथं काम मिळालं नाही बिचाऱ्याला!

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. लालबाग-परळची वस्ती बरीचशी कोकणची, उरलेली घाटावरची. चाळीच्या गॅलरीत उभं राहिलं की खाली रूळ. दिवसरात्र गाडी. पोरं गाडीचा आवाज ऐकत पाळण्यात झोपली आणि आवाज थांबला की जागी झाली. पुण्याला, नागपूरला, मद्रासला, कलकत्त्याला जाणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोरून जायच्या. नव्हती ती फक्त आपल्या गावाला जाणारी. रेल्वेच्या मांडीवर वाढलेला हा माणूस गणपतीला गावी जायचा तो परळ डेपोतून एसटीनं, आणि त्याचा बाप गेला होता भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं. कोकण रेल्वे सगळी जोडून सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला. तोवर मुंबईत गाडी धावू लागून १४४ वर्षं उलटली होती. आमच्या मजल्यावरचे एक आजोबा तेव्हा म्हणाले होते, 'ठाण्याक गाडी एका दिवसात पोचली, आमच्या कुडाळाक दीडशे वर्षां लागली. म्हणजे आमचा कोकण किती लांब ता बघ!' त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, अभिमान होता. पुढे २०१७ साली दादर-सावंतवाडी गाडीला केशवसुतांच्या कवितेवरून 'तुतारी' नाव दिलं, तेव्हा ते खूष झाले. पण तिकिटाचं आरक्षण उघडल्या उघडल्या संपतं हे कळल्यावर ते पुन्हा एसटीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यावर लिहिण्याची जागा ही नव्हे, आणि सूरही हा नव्हे. भोंगे थांबले, माणसं पांगली. कुणी डोंबिवलीला गेलं, कुणी विरारला, कुणी कायमचं गावी. स्टेशनाच्या बाजूनं सांगायचं तर जे इथं चालत कामाला जात होते त्यांची मुलं लोकलनं बाहेर कामाला जाऊ लागली. आणि मग गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या तशी गर्दीची दिशा फिरली. आता सकाळी करी रोडला उतरतात ते ठाण्या-कल्याणहून आलेले, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला स्वतःचाच फोटो अडकवलेले तरुण. उतरतात आणि पूल चढून मान खाली घालून लोअर परळच्या दिशेनं चालू लागतात. त्यांच्या लेखी करी रोड म्हणजे लोअर परळचं मागचं दार. त्यांच्या आजोबांपैकी कुणी याच रस्त्यानं गिरणीत गेलं असेल तर तेव्हा आजोबांनाही उशीर झाला की गेट बंद व्हायचं. नातवाचं गेट कार्ड दाबलं की उघडतं, उशिराची नोंद मात्र आपोआप होते.

बिल्डरच्या जाहिरातीत तर करी रोड नावाचं ठिकाणच नाही. तिथं चाळिसाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो, रेसकोर्स दिसतं, क्वचित अलिबागही दिसत असेल. पण खालचं स्टेशन दिसत नाही. पत्ता 'साउथ मुंबई'. त्या टॉवरमधल्या घरकाम करणाऱ्या मावशी मात्र करी रोडलाच उतरतात.

बरं, स्टेशनाच्या नावातला हा करी कोण? खाण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे आधी सांगून टाकतो, कारण बाहेरगावचे पाहुणे हटकून विचारतात. चार्ल्स करी हे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वजाचे, १८६५ ते १८७५ या काळातले एजंट होते. एजंट म्हणजे कंपनीचा इथला सर्वात मोठा साहेब. त्यांचं नाव रस्त्याला दिलं आणि रस्त्यावरून स्टेशनाला आलं. आणि स्टेशन कुणाचं? जीआयपीचं, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेचं. समोरच्या कंपनीच्या साहेबाचं नाव स्वतःच्या फलाटावर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवणारी दुसरी कंपनी मला माहीत नाही. मध्य रेल्वे हे इतकी वर्षं सहन करत आली आहे. पश्चिम रेल्वेनं बदल्यात काय दिलं, तर दादरचे आकडे बदलायला लावले.

त्यातही मेख अशी की तो रस्ताही आता उरलेला नाही. म्हणजे रस्ता आहे, वर्दळही आहे, फक्त कागदोपत्री तो महादेव पालव मार्ग झाला. सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला. आर्थर रोडचा साने गुरुजी मार्ग झाला, तरी तुरुंग आर्थर रोडचाच राहिला. साने गुरुजींच्या नावानं कुणाला तुरुंगात धाडायला लोकांची जीभ रेटत नसावी. ग्रँट रोडचा मौलाना शौकत अली मार्ग झाला. रस्ते गेले, स्टेशनं राहिली. नसलेल्या रस्त्यांच्या नावानं रोज लाखो तिकिटं फाडणारं शहर म्हणजे आमची मुंबई.

यावर आता तोडगा निघतो आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मुंबईतल्या आठ स्टेशनांची नावं बदलायचं ठरवलं आणि जुलैमध्ये विधिमंडळात ठराव झाला. करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, डॉकयार्ड रोडचं माझगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, चर्नी रोडचं गिरगाव, मरीन लाइन्सचं मुंबादेवी, किंग्ज सर्कलचं तीर्थंकर पार्श्वनाथ आणि मुंबई सेंट्रलचं नाना जगन्नाथ शंकरशेट. नानांच्या नावाला कुणी हरकत घेऊ नये. आगगाडी इथं यावी म्हणून पहिल्यापासून धडपडलेला आणि पहिल्या गाडीत बसलेला हा माणूस. गव्हर्नर डोंगरावर गेले तेव्हा नाना डब्यात होते. त्यांच्या नावाचं स्टेशन व्हायला इतका उशीर लागला हीच लाजेची गोष्ट.

बाकीच्यांचं बोलू. मरीन लाइन्सला मुंबादेवी समजून उतरणाऱ्या भाविकाला देवळापर्यंत बरीच पायपीट आहे. पण देवीला पायी येणारा भक्त अधिक आवडतो, तेव्हा तेही चालून जाईल. चर्नी रोडचं गिरगाव होणार म्हणून गिरगावकरांना कोण आनंद झाला! त्यातल्या बऱ्याच जणांनी तो बोरिवलीच्या, दहिसरच्या आणि डोंबिवलीच्या घरी बसून साजरा केला. गिरगाव सोडून माणसं गेली, नाव आता येतंय. जरा आधी आलं असतं तर बरं झालं असतं.

करी रोडचं लालबाग होण्याला माझी हरकत नाही. लालबाग हे नाव त्या स्टेशनाच्या नशिबी पहिल्यापासून असायला हवं होतं. शेजारी चिवडा गल्ली आहे, मसाल्याची दुकानं आहेत. एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या कुटायला लागल्या की वारा फिरेल तसा ठसका थेट फलाटावर येतो आणि स्लोमधला डबाच्या डबा शिंकतो. डोळे मिटून बसलेल्यालाही कुठलं स्टेशन आलं हे विचारावं लागत नाही. चार पावलांवर भारतमाता सिनेमा. आणि लालबागचा राजा, तोही याच गावचा, १९३४ पासून. मला चिंता आहे ती वेगळीच. गणपतीत बाहेरून येणाऱ्या लाखोंपैकी अनेकांना 'लालबागला जायचं तर करी रोडला उतरा' हे माहीतच नसतं. कुणी लोअर परळला उतरतं, कुणी चिंचपोकळीला, कुणी लाल अक्षरांत 'बाग' शोधत भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत पेंग्विन बघून घरी जातं. त्यामुळे गर्दी आपोआप वाटली जाते. उद्या स्टेशनावर 'लालबाग' अशी पाटी लागली की सगळे तिथंच उतरणार. करी साहेबांनी जिवंतपणी काय काम केलं ते रेल्वेला ठाऊक; मेल्यानंतर त्यांनी वर्षानुवर्षं गर्दीचं नियोजन केलं.

नाव बदलल्यानं जीभ बदलत नाही हे तर आपण पाहिलंच. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं ते जुलै २०१८ मध्ये. प्रभादेवीला उतरणारा माणूस अजून घरी फोन करून 'एल्फिन्स्टनला पोचलो' म्हणतो. २०२५ मध्ये तिथला जुना पूल पाडायला घेतला, तेव्हाही पेपरात तो एल्फिन्स्टन पूलच होता. आणि 'व्हीटी' म्हणणारी पिढी सीएसएमटीच्या तिकीट खिडकीवर अजून व्हीटी मागते, व्हीटीच घेऊन येते.

पुलांवरून आठवलं, आणि इथं थोडं थांबायला हवं. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळच्या पावसात एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. गिरण्या जाऊन ऑफिसं आली, रोजची गर्दी कितीतरी पट झाली, जिना तेवढाच राहिला होता. त्यानंतर लष्कराला बोलावून तीन पादचारी पूल बांधून घेतले, एल्फिन्स्टन रोडला, करी रोडला आणि आंबिवलीला. २७ फेब्रुवारी २०१८ ला ते खुले झाले. करी रोडचा माणूस या पुलावरून जाताना अजूनही पाहुण्याला थांबवून सांगतो, 'हा मिलिटरीनं बांधलाय.' सांगताना तो ताठ उभा राहतो, मग मागून ढकलला जातो.

गाड्यांवरून जाणारे इथले रस्त्याचे पूल म्हणजे आणखी एक प्रकरण. चिंचपोकळीचा, करी रोडचा, सगळे म्हातारे. दरवर्षी गणपतीच्या आधी पालिका आणि रेल्वे मिळून विनंती करतात: पुलावर एकदम गर्दी करू नका, मिरवणूक थांबवू नका, नाचू नका. आणि लालबाग-परळचा माणूस, ज्याला कुणीही कधीही नाचू नको म्हणून सांगितलेलं चालत नाही, तो हे ऐकतो. मिरवणूक ढोल-ताशे बडवत पुलाच्या तोंडाशी येते आणि एकाएकी शिस्तीत चालू लागते. ढोल गळ्यात, हात स्वस्थ, पावलं मोजून. पूल संपला, पहिली टिपरी पडली की सगळे जिथं सोडलं होतं तिथून पुढे सुरू. तेवढ्या शे-दीडशे पावलांत मंडळाचे कार्यकर्ते एकमेकांची ख्यालीखुशाली विचारून घेतात. वर्षात तेवढंच शांतपणे बोलणं होतं.

गणपतीचे दहा दिवस हे या स्टेशनांचे वतनाचे दिवस. चिंतामणीचं मंडळ १९२० सालचं. त्याच्या नुसत्या आगमनाला इतके लोक लोटतात की मूर्ती चिंचपोकळीला यायच्या आधी फलाट भरतो. ज्यांच्या फास्ट गाड्या वर्षभर धूळ उडवत गेल्या तेच लोक त्या दिवसांत भायखळ्याला उतरून, स्लो पकडून, लोंबकळत चिंचपोकळीला येतात. अनंत चतुर्दशीच्या रात्री गाड्या रात्रभर चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी फलाट झाडला जातो, गुलालाचा शेवटचा पट्टा पाण्यानं निघतो आणि फास्ट पुन्हा न थांबता जाऊ लागते.

परळच्या बढतीचं सांगायचं राहिलं. ३ मार्च २०१९ पासून परळ टर्मिनस झालं आणि काही लोकल परळहूनच सुटू लागल्या. कल्याणकडे जाणाऱ्यांची सोय झाली, केईएम आणि टाटा रुग्णालयात दूरदूरहून आलेल्यांनाही बसायला जागा मिळू लागली. करी रोडला मात्र पहिल्यांदा थोडं लागलं. काल-परवापर्यंत स्लोच्या रांगेत बरोबर उभा असणारा शेजारी आता स्वतःची गाडी सोडतो म्हणजे काय! पण लालबागकर फार दिवस रुसून राहत नाही. त्यानं हिशोब केला. संध्याकाळी करी रोडला भरलेल्या स्लोमध्ये घुसण्यापेक्षा चालत परळला जावं आणि रिकाम्या गाडीत खिडकी धरून बसावं. ती गाडी करी रोडच्या विरुद्ध दिशेनं जाते, हे त्याला कुणीतरी नंतर सांगितलं. लालबागला राहणाऱ्यानं संध्याकाळी कल्याणच्या गाडीत खिडकी मिळवून करायचं काय? पण तो म्हणतो, 'मिळाली ना? मग बसायचं.'

तर कधी वेळ काढून या. फास्टनं येत असाल तर भायखळ्याला किंवा दादरला उतरा, आणि भायखळ्याला उतरलात तर इंडिकेटर सोडून एकदा छपराकडेही बघा. मग मागून येणारी कुठलीही स्लो पकडा. कुर्ला स्लो मिळाली तर उत्तम, ती रिकामी असते. करी रोडला उतरा, पूल चढा, चिवडा घ्या, तिखट घ्या. परत जाताना चालत चिंचपोकळीला जा, दहा-पंधरा मिनिटांची वाट आहे. रविवारी येणार असाल तर आदल्या दिवशीच्या पेपरातली मेगाब्लॉकची चौकट नीट वाचा. तिथं आमचं नाव नसेल तर सोमवारी या.